घोडकाठची पांढर (७) : पाय राखलेला माणूस

पाटाचं आज राहू द्या. घोड नदीचं पुराचं पाणी इनामगावकरांनी शेतात कसं वळवलं ते या आठवड्यात सांगणार होतो. पण गेल्या खेपेला घरातल्या दफनांचा ओझरता उल्लेख केला आणि शिरूरच्या एका शिक्षिकाबाईंचं पत्र आलं. मेलेल्यांचे पाय कापत होते हे खरं का, आणि खरं असेल तर कशासाठी?

खरं आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून ही पांढर खणली, त्यात दोनशेवर दफनं निघाली. तान्ही मुलं दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवून खड्ड्यात आडवी ठेवलेली. मोठी माणसं उताणी, डोकं उत्तरेला, उशापायथ्याला भांडी. पायथ्याला म्हणायचं आपलं. पाय घोट्यापाशीच संपतात.

मेलेल्यानं उठून कुठं निघून जाऊ नये म्हणून, असा उत्खनन करणाऱ्यांचा तर्क. भुताचे पाय उलटे असतात हे आपण लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे हे वाचलं की पहिली आठवते ती भीती. मला भीतीचं पटत नाही. ज्याची धास्ती वाटते त्याला माणूस शिवेबाहेर नेतो. राहत्या घरात, चुलीपासून चार हातांवर पुरत नाही. त्याच्यासाठी खाण्यापिण्याची भांडी तर मुळीच ठेवत नाही. सासरी निघालेली पोर म्हणते, ‘पाय निघत नाही.’ इनामगावकरांनी आपल्या माणसाचा पाय निघूच दिला नाही, असं मी समजतो. पुरावा विचाराल तर नाही.

आता ज्याच्यासाठी पाट मागे ठेवला तो गडी. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं घर, लगत धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात कच्च्या मातीचा मोठा, फुगीर पोटाचा रांजण निघाला आणि त्यात मांडी घालून बसवलेला पुरुष. याचे पाय शाबूत! रांजणालाही चार पाय. उत्खनन करणाऱ्यांपैकी म. के. ढवळीकरांनी त्याला वस्तीचा प्रमुख मानलं. पाटील म्हणा हवं तर, मात्र इ.स.पू. १००० च्या आसपास तो शब्द नव्हता. बैठी समाधी आपल्याकडे संन्याशांना आणि लिंगायतांना देतात, म्हणून तिथपर्यंत धागा ओढायचा मोह मलाही झाला होता. मधली दोन हजार वर्षं रिकामी आहेत. तो आवरलेला बरा.

तशाच चार पायांच्या दुसऱ्या एका रांजणात सांगाडा नव्हताच. भांडी होती, आणि त्यातल्या एकावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली. कुणी म्हणतं, मृताला पैलतीरी नेणारी. मला वाटतं, हा माणूस घोडेच्या पुरात गेला, हाती लागला नाही, आणि घरच्यांनी रिकामा रांजण पुरला. हीसुद्धा अटकळच, पण घोडेचा पूर एकदा काठावरून पाहा, मग बोलू.

पाट पुढच्या रविवारी. बाई, मुलांना घेऊन इनामगावला जाणार असाल तर एवढं सांभाळा : खापर दिसलं तर दाखवा, उचलू देऊ नका.