बाबा तीच गोष्ट पुन्हा का सांगतात?

“डॉक्टरसाहेब, बाबांना बहात्तरचा दुष्काळ तोंडपाठ आहे; पण सकाळची गोळी घेतली की नाही, हे आठवत नाही. येईल त्या पाहुण्याला तीच गोष्ट सांगतात. काहीतरी औषध द्या.” सेनगाव तालुक्यातून वडिलांना घेऊन आलेल्या एका मुलाची ही तक्रार. वडील शेजारीच मान खाली घालून बसले होते.

वाचकहो, अशी तक्रार आपल्याही घरात होत असेल. म्हणून आधी हे समजून घेऊ, की जुने आठवते आणि नवे निसटते, असे का होते.

मेंदूच्या आतल्या भागात हिप्पोकॅम्पस नावाची एक छोटी रचना असते. नवी आठवण नोंदवण्यात तिचा मोठा वाटा असतो. वयाबरोबर तिचे काम काहीसे मंदावते. याउलट, वर्षानुवर्षे उजळणी झालेली आठवण मेंदूच्या बाह्य आवरणात पक्की रुजलेली असते. स्मृती ढासळते तेव्हा आधी नवे जाते आणि जुने टिकते, हे रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने 1881 मध्येच नोंदवले होते. वृद्धांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त निघतात, असेही पुढील अभ्यासांत दिसून आले. पहिली कमाई, लग्न, पहिले मूल हे सारे त्याच काळात घडते. ‘मी कोण’ याचे उत्तरही त्याच वयात घडत असते.

आता 1972 आठवा. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होते. आज पंचाहत्तरीच्या आसपास असलेली मंडळी त्या वेळी विशी-बाविशीत होती. खडी फोडणे, सुकडी, मिलोची भाकरी हे सारे त्यांच्या घडणीच्या वयात आले. ती गोष्ट त्यांच्या ओठांवर असणे स्वाभाविकच आहे.

परंतु ती पुन्हा पुन्हा का सांगावीशी वाटते? एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने मानवी आयुष्याचे आठ टप्पे मांडले. शेवटच्या टप्प्यावर माणसापुढे एकच प्रश्न उरतो: जगलो ते सार्थकी लागले, की वाया गेले? पहिले उत्तर मिळाले तर मन समाधानी होते, दुसरे मिळाले तर हताश. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने 1963 मध्ये याच्याशी जुळणारा विचार मांडला. म्हातारपणी मागे वळून पाहणे हा भ्रमिष्टपणा नसून आयुष्याचा हिशेब जुळवण्याची नैसर्गिक प्रक्रिया आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या हिशेबाला ऐकणारा लागतो.

हे मी पुस्तकात वाचले होते, तरी चुकलो. औंढ्याकडच्या एक आजी रक्तदाबासाठी येत. झोळीतले बाळ झाडाला टांगून खडी कशी फोडली, हे दर वेळी सांगत. बाहेर रांग असे. मी ‘हो, हो’ म्हणत चिठ्ठी लिही. पुढे त्यांनी सांगणे बंद केले. “आता आजी शांत झाल्या,” असे सून म्हणाली आणि मलाही ते बरेच वाटले. काही महिन्यांनी वजन उतरले, झोप गेली. तेव्हा कुठे मी खुर्ची जवळ ओढून विचारले. त्या म्हणाल्या, “कोणाला सांगू, बाबा? ऐकायला कोण बसतं?” त्यांना नैराश्याने ग्रासले होते, शिवाय ऐकूही कमी येत होते. औषधे सुरू झाली, श्रवणयंत्र आले आणि नात रोज संध्याकाळी जवळ बसू लागली. हळूहळू जेवण सुधारले, आणि खडीची गोष्टही परत आली. त्या दिवशी मी ती पूर्ण ऐकली.

म्हणून घरच्यांनी गोष्ट थांबवू नये, तिच्यावर लक्ष ठेवावे. नव्या माणसाला जुनी गोष्ट सांगणे, एखादे नाव उशिरा आठवणे, क्वचित गोळी विसरणे हे वयानुसार चालते. मात्र पाच मिनिटांपूर्वी विचारलेलेच पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, किंवा बोलके माणूस गप्प होणे, यांकडे ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष करू नका. थायरॉइडचा विकार, बी-12 ची कमतरता, झोपेच्या गोळ्या, नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत. एक-दोन दिवसांतच माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतुसंसर्ग, साखर किंवा सोडियम कमी होणे अशी कारणे असू शकतात.

गोष्ट सुरू झाली, की “हे ऐकलंय” असे म्हणण्याऐवजी एक नवा प्रश्न विचारा: “तेव्हा तुमच्या सोबत कोण होतं?” मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. एखादी आठवण दुखरी असेल, तर खोदून विचारू नका. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आपल्याच जिल्ह्यातले; अभंग-हरिपाठ इथल्या अनेकांच्या लहानपणापासून कानांवर आहे. विस्मरणाच्या आजारातही असे पाठांतर पुष्कळदा टिकते. बोलणे खुंटले तर सोबत बसून तेच म्हणा. मनाची घुसमट फार वाढली, तर ‘टेलिमानस’च्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर बोलता येते.

आणि ज्येष्ठहो, आपणही संकोच करू नका. नातवंडांना आपली गोष्ट सांगा, मग त्यांचीही ऐका.

त्या मुलाला मी स्मृतीची तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या लिहून दिल्या, गोळ्यांसाठी वारांची डबी सुचवली. मग वडिलांकडे वळून विचारले, “बाबा, खडीची मजुरी किती मिळायची हो?” त्यांनी मान वर केली. उत्तर ऐकून मुलगा म्हणाला, “हे मला ठाऊकच नव्हतं.”