परराष्ट्र खात्यातील वकील

'वकील' या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. आज वकील म्हटला की काळा कोट आणि कोर्टाची पायरी आठवते. पेशवाईत मात्र वकील म्हणजे परदरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडणारा माणूस. परदेशी दूतावासाला आपण अजून 'वकिलात' म्हणतो ते त्यामुळेच. हे दोन्ही अर्थ ज्याच्या ठिकाणी एकत्र येतात, अशा एका सरकारी वकिलाची ओळख आपल्या विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयात 'विधी व करार विभाग' आहे. त्याची स्थापना १९५७ साली झाली. दुसऱ्या देशाशी करावयाच्या कराराचा मसुदा येथे शब्दाशब्दाने तपासला जातो. परदेशी पळालेला आरोपी परत कसा मागावा, परकी वकिलातीतील अधिकाऱ्यावर खटला भरता येतो काय, समुद्रात आपली हद्द कोठवर, अशा प्रश्नांवर हा विभाग सल्ला देतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभे राहून भाषण करणारा नामांकित विधिज्ञ वर्तमानपत्रांतून दिसतो. त्याच्या हाती कागद तयार करून देणारा अधिकारी सहसा दिसत नाही.

कागदांचे हे महत्त्व पटवणारा एक खटला आपल्या अगदी जवळचा आहे. दमणपासून आत, चोहोबाजूंनी भारतीय मुलखाने वेढलेले दादरा आणि नगरहवेली हे प्रदेश पोर्तुगीजांकडे होते. १९५४ साली स्वातंत्र्यसैनिकांनी ते मुक्त केले आणि भारत सरकारने पोर्तुगीजांना तेथे जाण्याची वाट बंद केली. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला आणि २२ डिसेंबरला त्याने हेगच्या न्यायालयात भारतावर दावा लावला. भारताची बाजू मांडण्यासाठी ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड गेले. भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते म. क. छागला.

पोर्तुगालचे म्हणणे असे की, १७७९ च्या तहाने मराठ्यांनी हा मुलूख आम्हांला सार्वभौम हक्काने दिला. म्हणून तेथे सैन्यासह जाण्याचा हक्कही आमचा. आता प्रश्न आला तो मराठ्यांनी नेमके काय दिले याचा. तहाचे निरनिराळे पाठ तपासले गेले. १७८३ व १७८५ च्या सनदा पुढे आल्या. त्यांतून निघाले ते असे की, दिली होती ती वार्षिक १२,००० रुपये उत्पन्नाची जहागीर, म्हणजेच सरंजाम. सरंजामदार महसूल खातो, पण मुलखाचा राजा होत नाही, ही गोष्ट पेशवे दप्तर चाळलेल्या कोणासही ठाऊक असते. न्यायालयाने ती मान्य केली. मराठ्यांना सार्वभौमत्व द्यावयाचे असे तेव्हा ते तसे स्पष्ट शब्द वापरीत, हेही न्यायालयाने नमूद केले.

अर्थात सगळेच दान आपल्या बाजूने पडले नाही. पुढे इंग्रजी अमलात पोर्तुगीजांची सत्ता व्यवहारात मान्य होत गेली, असे न्यायालयाने म्हटले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात नागरिक, मुलकी अधिकारी व माल यांना वाटेचा हक्क होता, असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना तो नव्हता, हे ८ विरुद्ध ७ अशा एका मताच्या फरकाने ठरले. भारताने १९५४ साली आपले कर्तव्य मोडले नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी.

या वकिलाला हारही पचवावी लागते. बंगालच्या उपसागरातील सीमेवरून बांगलादेशाशी झालेल्या लवादात २०१४ साली वादग्रस्त क्षेत्राचा मोठा हिस्सा बांगलादेशाकडे गेला. भारताने निर्णय स्वीकारला. त्या लवादात भारताच्या अधिकृत प्रतिनिधी होत्या नीरू चड्ढा, मंत्रालयाच्या पहिल्या महिला मुख्य विधी सल्लागार. पुढे २०१७ साली हॅम्बर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणावर त्यांची न्यायाधीश म्हणून निवड झाली. त्यांच्या आधी पी. चंद्रशेखर राव हेही त्या न्यायाधिकरणावर गेले होते आणि त्याचे अध्यक्ष झाले होते.

या विभागाची वाट परराष्ट्र सेवेच्या परीक्षेहून निराळी आहे. कायद्याची पदवी, आंतरराष्ट्रीय कायद्याचा विशेष अभ्यास आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाची निवड, असा तिचा क्रम आहे. इंग्रजीवर पकड हवी, हे सांगणे नकोच. पण सीमाभागात वाढलेल्या आपल्यासारख्यांना दोन-दोन, तीन-तीन भाषा घरबसल्या मिळतात, त्यांचे मोल आपणच कमी लेखतो. 'मोडी शिकून काय मिळणार?' असे कोणी विचारले, तर त्याला 'सरंजाम' या एका शब्दाची ही गोष्ट सांगावी. हेगच्या न्यायासनापुढे त्याचा अर्थ कोणी तरी समजावून दिला, म्हणून एक जुना दावा ढिला पडला. उद्या असाच एखादा कागद उलगडण्याची वेळ आली, तर तो वाचणारा आपल्यापैकी कोणी असावा.