गोदावरीचे ऊर्ध्व खोरे आणि जायकवाडी : पाण्याच्या तुटीचे वाटप

अवर्षणप्रवण प्रदेशातील पाणीटंचाईची चर्चा बहुधा पर्जन्यमानाच्या आकड्यांपाशी थांबते. परंतु पाऊस अपुरा झाला असता उपलब्ध पाणी प्रथम कोणाच्या धरणात अडते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात जायकवाडी प्रकल्पाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

गोदावरी, दारणा, प्रवरा व मुळा या नद्यांना मुख्य पाणी मिळते ते सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर. तेथील दारणा (1916) व भंडारदरा (1926) ही धरणे ब्रिटिश काळातील असून त्यांच्या कालव्यांवर नाशिक-अहिल्यानगर पट्ट्यातील ऊसशेती आणि पुढे सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. पैठणचे जायकवाडी धरण 1976 साली पूर्णत्वास आले. त्याचा उपयुक्त साठा 2171 दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे 76.65 अब्ज घनफूट आहे. हे धरण पर्जन्यछायेत असल्याने वरची धरणे भरून वाहू लागल्याशिवाय ते सहसा भरत नाही. परिणामी वर थोडी तूट आली की खाली ती कित्येक पटींनी जाणवते.

या साठ्यावर छत्रपती संभाजीनगर व जालना शहरांचे पिण्याचे पाणी, औद्योगिक वसाहती आणि सुमारे 1 लाख 83 हजार हेक्टरांचे लाभक्षेत्र अवलंबून आहे. राज्याच्या 2003 च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांना स्थान होते. 2011 मध्ये ते शेतीला देण्यात आले.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, 2005 मधील कलम 12 (6) (ग) या दृष्टीने मूलगामी आहे. खोऱ्यातील सर्व जलाशयांत ऑक्टोबरअखेर उपलब्ध पाण्याची टक्केवारी जवळजवळ समान राहावी, आणि ही टक्केवारी खरिपातील वापर धरून काढावी, असे ते सांगते. ‘खरिपातील वापर धरून’ या शब्दांतच कलमाचे मर्म आहे. ते नसते, तर वरच्या भागाने पावसाळ्यातच कालवे चालवून नंतर रिकामी धरणे दाखविली असती. मेंढेगिरी समितीच्या अहवालावरून प्राधिकरणाने 19 सप्टेंबर 2014 रोजी दिलेल्या आदेशानुसार 15 ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडणे बंधनकारक झाले. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले.

कागदावरील टक्केवारी नदीपात्रात उतरते तेव्हा मात्र वेगळीच गणिते सुरू होतात. पाणी सोडण्यापूर्वी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नदीकाठच्या कृषिपंपांची वीज तोडावी लागते. कोरडे पात्र पुष्कळ पाणी शोषून घेते. जायकवाडीचा जलाशय उथळ व विस्तीर्ण असल्याने पोहोचलेल्या पाण्याचेही बाष्पीभवन मोठे होते. वरच्या भागातील शेतकऱ्यांचा या अपव्ययाविषयीचा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. जायकवाडीच्या लाभक्षेत्रातही उसाने बरीच जागा व्यापली आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

2023 मध्ये 15 ऑक्टोबरला जायकवाडीत सुमारे 47 टक्के साठा होता. 30 ऑक्टोबरला 8.6 अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला. प्रत्यक्ष विसर्ग सुरू होण्यास नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. हरभऱ्याच्या पेरणीचा योग्य काळ तोवर सरत आला होता.