टेलर स्विफ्ट ‘सुपर बोल’मध्ये गायली आहे का?

साधे प्रश्न, लांब उत्तरं : लेखांक १४

उत्तर आधी देऊन टाकतो : नाही. अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, मध्यंतराला गाण्याचा जो मोठा कार्यक्रम होतो, त्यात टेलर स्विफ्ट हे लिहीपर्यंत एकदाही गायलेली नाही. माझ्या भाचीने मैत्रिणीशी ‘गायली आहे’ म्हणून मिसळीची पैज लावली होती, ती हरली. पण फोनवर तिने जी हुज्जत घातली, ती अगदीच फुकटची नव्हती. “मामा, ती तिथे होती. मी स्वतः पाहिलंय!”

पाहिलं होतं, हे खरंच आहे. ११ फेब्रुवारी २०२४, लास वेगास. तिकडे रविवारची दुपार, आपल्याकडे सोमवारची पहाट. टेलरच्या त्याच आठवड्यात टोकियोत मैफली होत्या. शनिवारी रात्री तिकडचं आटोपून रविवारच्या सामन्याला अमेरिकेत पोचता येईल का, यावर एवढा खल झाला की अमेरिकेतल्या जपानी दूतावासाने पत्रक काढून गणित मांडलं : विमानप्रवास बारा तासांचा, घड्याळातला फरक सतरा तासांचा, तेव्हा ती आरामात पोचेल. (दूतावासांना इतकं निवांत काम क्वचितच मिळत असेल.) ती पोचली, तिचा जोडीदार ट्रॅव्हिस केल्सी याचा कॅन्सस सिटी चीफ्स हा संघ जादा वेळेत २५–२२ असा जिंकला, आणि कॅमेरा अधूनमधून तिच्याकडे वळत राहिला. मध्यंतरात गायला मात्र अशर. लहान लहान तुकड्यांत सामना पाहणाऱ्या मुलीच्या डोक्यात या दोन गोष्टी एक झाल्या, तर तिचा फार दोष नाही.

त्यात खरा गोंधळ घालणारी तारीख आहे ४ फेब्रुवारी २०१७. त्या वर्षी सुपर बोल ह्यूस्टनला होता आणि आदल्या रात्री, त्याच शहरात, सामन्याच्या निमित्तानेच भरलेल्या एका मोठ्या जलशात टेलर गायली. म्हणजे गाव तेच आणि निमित्तही तेच, पण दिवस एक आधीचा आणि जागा वेगळी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गायलं तर ‘लग्नात गायली’ म्हणायचं की नाही, असा हा पेच आहे. मोठ्या सामन्यांत ती मुळीच गायली नाही, असंही म्हणता येत नाही. २००८ साली बेसबॉलच्या ‘वर्ल्ड सीरिज’मधल्या तिसऱ्या सामन्याआधी फिलाडेल्फियाला तिने राष्ट्रगीत म्हटलं होतं. त्याच शहरातल्या बास्केटबॉल सामन्याआधी तर ती शाळकरी वयातच राष्ट्रगीत म्हणून गेली होती.

मग मध्यंतरात का नाही? २०१३ ते २०२२ या काळात तो कार्यक्रम पेप्सीच्या नावाने होत असे, आणि टेलर २०१३पासून डाएट कोकच्या जाहिरातींत होती. यावरून लोक तर्क करतात. तर्क सुचण्याजोगा आहे, पण तर्कच.

या मध्यंतराला एवढं महत्त्व कसं आलं, ते पाहण्यासारखं आहे. सुरुवातीची अनेक वर्षं तिथे विद्यापीठांची बँडपथकं वाजवत. १९९२ साली मिनिआपोलिसला हिवाळ्यावरचा एक कार्यक्रम ठेवला होता. ग्लोरिया एस्तेफान गायला होती, बर्फावर घसरत नाचणारे खेळाडूही होते. नेमक्या त्याच वेळी एका दुसऱ्या वाहिनीने आपला विनोदी कार्यक्रम थेट दाखवला आणि दोन कोटींहून जास्त प्रेक्षक पळवले. आयोजक हादरले. पुढच्या वर्षी पॅसाडिनाला त्यांनी मायकेल जॅक्सनला उभं केलं. त्याने पहिलं जवळजवळ दीड मिनिट काहीच केलं नाही, पुतळ्यासारखा उभा राहिला. आणि नुसत्या त्या उभं राहण्यावर स्टेडियम किंचाळत राहिलं. तिथून बँडपथकांचे दिवस संपले.

गाणाऱ्याला या कार्यक्रमाचं नेहमीचं मानधन मिळत नाही. उभारणीचा खर्च आयोजक करतात, गायकाला प्रसिद्धी. गाणं बारा-तेरा मिनिटांचं, आणि त्याआधी काही मिनिटांत शेकडो माणसं रंगमंचाचे तुकडे ढकलत मैदानावर आणून जोडतात. गवताला धक्का लागता कामा नये, कारण त्यावर अजून अर्धा सामना व्हायचा असतो.

आता खरी गंमत. समजा टेलर तिथे उभी राहिलीही असती, तरी ती ‘गायली’ हे आपण कशावरून म्हणणार?

हा प्रश्न खवचट नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानाच्या दूरच्या टोकाला आपटून परतलेला स्वतःचाच आवाज गाणाऱ्याच्या कानावर अर्ध्या सेकंदाच्या आसपास उशिरा पडतो, आणि भलाभला गायक लयीतून जातो. शिवाय घाईत जोडलेल्या तारांपैकी एक जरी निसटली, तरी कोट्यवधी लोकांसमोर शांतता. म्हणून बरंच काही आधी ध्वनिमुद्रित करून ठेवतात. २०१४ साली रेड हॉट चिली पेपर्सची वाद्यं कशाला जोडलेलीच नव्हती, हे लोकांनी फोटोंत पकडलं. फ्ली या त्यांच्या बास गिटारवादकाने मग जाहीर कबुली दिली : वाद्यं आधी मुद्रित केलेली, गळा तेवढा ताजा. ह्यूस्टनला टेलरच्या दुसऱ्या दिवशी गायलेल्या लेडी गागाच्या मागे आकाशात तीनशे ड्रोन तारे होऊन चमकले, तेही आधीच चित्रित केलेले होते.

पण याचं सगळ्यात सुंदर उदाहरण १९९१चं. २७ जानेवारी, टँपा. आखाती युद्ध सुरू होऊन दहाच दिवस झालेले. पांढरा ट्रॅकसूट, कपाळाला पट्टी, अशा वेशात व्हिटनी ह्यूस्टनने सामन्याआधी राष्ट्रगीत म्हटलं. अमेरिकेचं राष्ट्रगीत मुळात तीनच्या वजनात चालतं. तिने ते चारच्या वजनात घेतलं. आपल्या भाषेत, दादऱ्यातलं केरव्यात. प्रत्येक ओळीला थांबायला, फुलायला जागा मिळाली. लोक रडले. ते गाणं पुढे ध्वनिमुद्रिका म्हणून विकलं गेलं, आणि २००१च्या हल्ल्यानंतर पुन्हा काढलं तेव्हा आणखी वर चढलं.

आणि लोकांनी ऐकलेला तो आवाज काही दिवस आधी स्टुडिओत मुद्रित केलेला होता. त्या दिवशी मैदानावरचा तिचा माइक बंद होता. मागे बसलेला फ्लोरिडाचा वाद्यवृंदही नुसते गज फिरवत होता. व्हिटनी मात्र त्या बंद माइकमध्ये खरंच गात होती, जीव तोडून. फक्त ते ऐकू कोणालाच आलं नाही.

हे कळल्यावर अमेरिकेत बरेच जण रागावले. आपण रागावू असं मला वाटत नाही. पडद्यावर ओठ एकीचे आणि गळा दुसरीचा, यावर आपल्या तीन-चार पिढ्या वाढल्या. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात ‘मायनस ट्रॅक’ लावून गाणारा गायकही आपल्याला गायकच वाटतो.

भाचीला व्हिटनीचा व्हिडिओ पाठवला, माइकचं काही न सांगता. रात्री तिचा निरोप आला : “मामा, काय गायलीय ही! हे तर लाइव्ह आहे ना?”

अजून उत्तर दिलेलं नाही. मिसळ खाताना सांगेन.