यकृतातले पाट, हाडांतली भुयारे

आठवा महिना लागलेला. रात्री तळहात-तळपाय इतके खाजतात की झोप लागत नाही. अंगावर पुरळ मात्र कुठेच नाही. 'बाळाला जावळ भरपूर असणार,' असे घरात कुणीतरी सांगते आणि खोबरेल तेल चोळले जाते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पुरळाशिवाय येणारी खाज नेहमी त्वचेचीच असते असे नाही. यकृतातल्या अतिसूक्ष्म नलिकांमधून पित्त नीट वाहत नसल्याची ती खूण असू शकते.

यकृताच्या पेशी एकमेकींना खेटून असतात. दोन शेजारणींच्या मध्ये जी चिंचोळी खाच उरते, तीच ही नलिका. रुंदी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिला स्वतःची भिंत नाही. दोन्ही पेशींची आवरणे हीच तिची भिंत. खाचेच्या दोन्ही कडांना पेशी शिवल्यासारख्या घट्ट जोडलेल्या असतात, त्यामुळे पित्त रक्तात झिरपत नाही. आवरणातले प्रथिनांचे पंप ऊर्जा खर्चून पित्तक्षार या पाटात ढकलतात आणि त्यांच्यामागे पाणी येते. रक्त ज्या दिशेने वाहते, त्याच्या नेमके उलट पित्त वाहते. पाटाला पाट मिळत दिवसाला साधारण पाऊण लिटर पित्त आतड्याकडे निघते. (आपण 'पित्त झालंय' म्हणतो, ते बहुतेकदा जठरातले आम्ल असते. या बिचाऱ्या पित्ताचा त्याच्याशी संबंध नसतो.)

गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे काही स्त्रियांमध्ये हे पंप मंदावतात. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. मग पित्ताम्ले रक्तात साठतात. डोळे पिवळे दिसतीलच असे नाही, म्हणून कावीळ नाही तर काळजी नाही, हा हिशेब इथे चुकतो. रक्तातल्या पित्ताम्लांची तपासणी करावी लागते. हे प्रमाण लिटरमागे 100 मायक्रोमोलपर्यंत किंवा त्यापुढे गेले, तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. प्रसूती कधी करायची, हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. प्रसूतीनंतर खाज सहसा लवकर ओसरते.

शरीरशास्त्रात या नलिकेला 'कॅनालिक्युलस' म्हणतात. लॅटिनमध्ये अर्थ साधा आहे : छोटा पाट. हेच नाव हाडांतही भेटते.

हाड म्हणजे चुन्याचा खांब, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यात जिवंत पेशी चिणलेल्या असतात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार माणसाच्या सांगाड्यात अशा सुमारे 42 अब्ज अस्थिपेशी आहेत. प्रत्येक पेशी आपल्या कोनाड्यात बसून बारीक भुयारांतून हात लांबवते आणि शेजारणीला धरून असते. ही भुयारे यकृतातल्या पाटांहूनही अरुंद, बहुतेक अर्ध्या मायक्रॉनच्या आतली. घट्ट खनिजातून अन्न-प्राणवायू झिरपणे अवघड, म्हणून पोषण याच वाटेने येते.

पण भुयारांचे खरे काम वेगळेच आहे. आपण चालतो तेव्हा हाड किंचित, डोळ्यांना न दिसण्याइतके वाकते आणि भुयारांतला द्रव सरकतो. पेशीच्या हातांना तो ओढ जाणवतो. भार आहे, हे कळताच अस्थिपेशी 'स्क्लेरोस्टिन' कमी सोडते. हे प्रथिन नवे हाड बनवण्याच्या कामावरचा ब्रेक असते. भार नसला की ब्रेक दाबलेलाच राहतो. अवकाशस्थानकावर वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड पुरेशा व्यायामाविना महिन्याला एक टक्क्याहून अधिक झिजल्याच्या नोंदी आहेत. स्क्लेरोस्टिनलाच अडवणाऱ्या रोमोसोझुमॅब या औषधाला अमेरिकेत 2019 मध्ये परवानगी मिळाली, ती रजोनिवृत्तीनंतर हाड मोडण्याचा मोठा धोका असलेल्या स्त्रियांसाठी.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजींना बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे केले जाते. 'जरा पडू द्या तिला,' असे नातेवाईक म्हणतात. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत, छातीत कफ साठू नये, ही त्यामागची कारणे आहेतच. हाडांवर पुन्हा भार पडावा, हेही एक आहे.