माहितीसंचय प्रणालींची जोडणी
माहितीसंचय प्रणालींची जोडणी : माहितीसंचयावर (डेटाबेसवर) चालणाऱ्या जुन्या संगणकीय प्रणालीला दुसऱ्या संगणकावरील, पुष्कळदा जावा भाषेत लिहिलेल्या, सेवेशी माहितीची देवाणघेवाण करता यावी म्हणून केलेली योजना. कोष्टकरूप माहितीसंचयाची संकल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली; जावा भाषा सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९९५ मध्ये प्रसृत केली. त्यापूर्वी उभारलेल्या अनेक प्रणालींत बाह्य सेवांशी संपर्काची सोय नव्हती.

जमिनीच्या अधिकार अभिलेखांवरून या जोडणीची गरज स्पष्ट होते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर वा आंबेगाव तालुक्यात जमीन विकली गेल्यास खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते. गाव नमुना ६ मधील फेरफार व सातबारा मात्र महसूल खात्याकडे असतात. महाराष्ट्रात नोंदणी खात्याची ‘आय-सरिता’ व महसूल खात्याची ‘ई-फेरफार’ या प्रणाली परस्परांशी जोडलेल्या असून नोंदलेल्या दस्ताची माहिती फेरफारासाठी पाठविली जाते.

पद्धती : अशा जोडणीच्या सर्वसाधारणपणे दोन पद्धती आहेत. पहिलीत जुनी प्रणाली स्वतःच जाळ्यावरून सेवेला विनंती पाठविते व उत्तर येईपर्यंत थांबते. ही पद्धत सोपी आहे. परंतु सेवा बंद पडल्यास मूळ कामही खोळंबते. दुसरीत जुनी प्रणाली पाठवावयाचा मजकूर आपल्याच एका कोष्टकात लिहून मोकळी होते. जावातील स्वतंत्र मध्यस्थ कार्यक्रम ते कोष्टक ठराविक काळाने वाचतो, मजकूर सेवेला पाठवितो आणि पोच मिळाल्यावर तशी खूण करतो. मूळ प्रणालीत फारसा बदल करावा लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा होय.

अडचणी : मजकूर पोहोचला, पण पोच वाटेतच हरवली, तर तोच मजकूर पुन्हा पाठविला जातो. अशा वेळी एका खरेदीखताचे दोन फेरफार होऊ नयेत म्हणून प्रत्येक दस्ताला एकमेव क्रमांक असावा लागतो आणि तो आधी आलेला असल्यास सेवेने दुसरी नोंद न करता पहिलेच उत्तर द्यावे लागते. दुसरी अडचण लिपीची आहे. जुन्या प्रणालींतील देवनागरी मजकूर १९९१ च्या भारतीय मानकातील ‘इस्की’ संकेतांत किंवा विशिष्ट टंकांच्या संकेतांत साठविलेला असू शकतो. जावा मात्र युनिकोड वापरते. रूपांतर सदोष झाल्यास खातेदाराचे नाव बदलते व दोन्हीकडील नोंदी जुळत नाहीत.

मर्यादा : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० नुसार फेरफाराची नोटीस देणे, हरकती ऐकणे व नोंद प्रमाणित करणे ही कामे अधिकाऱ्यांची आहेत. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम भागात आदिवासींच्या जमिनी पुष्कळ आहेत. त्या बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यास कलम ३६-अ ची बंधने लागू होतात. कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे जोडणीतील चूक प्रमाणित नोंदीत शिरल्यास ती खोटी ठरविण्याचा भार शेतकऱ्यावर पडतो. म्हणून पाठविलेल्या व स्वीकारलेल्या नोंदींचा नियमित ताळमेळ घेणे हा अशा जोडणीचा आवश्यक भाग ठरतो.