बक्षीस कोणाच्या आवडीला?

सुट्ट्या लागल्या की आपल्या घरांत कॅरमचा बोर्ड बाहेर निघतो. नाना-नानींपासून नातवंडांपर्यंत सगळे भोवती जमतात. जर्मनीत अशा बैठ्या खेळांना फार मान आहे. तिथे दरवर्षी एका खेळाला 'श्पील देस यारेस', म्हणजे 'वर्षाचा खेळ' हा पुरस्कार मिळतो. सुरुवात १९७९ साली झाली. पहिला मान इंग्लंडच्या डेव्हिड पार्लेट यांच्या ससा-कासवाच्या शर्यतीवरील खेळाला मिळाला.

विजेता निवडणारे परीक्षक खेळांवर लिहिणारे समीक्षक असतात. खेळ बनवणाऱ्यांना किंवा विकणाऱ्यांना तिथे जागा नाही. विजेत्याला रोख रक्कम मिळत नाही, पण खोक्यावर पुरस्काराचे चिन्ह लागले की विक्री लाखोंच्या घरात जाऊ शकते. म्हणून हा निर्णय कोणाच्या आवडीचा, हा प्रश्न साधा नाही.

खेळांचे पक्के शौकीन वर्षानुवर्षे तक्रार करतात की परीक्षक सोप्या खेळांनाच निवडतात. ही तक्रार तपासायला एक चांगले माप आहे. १९९० पासून 'जर्मन खेळ पुरस्कार' नावाचा दुसरा सन्मान दिला जातो. त्यात खेळाडू स्वतः मत देतात, त्यामुळे शौकिनांची पसंती तिथे कळते.

दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहू. १९९५ मध्ये क्लाउस टॉयबर यांचा 'कतान', २००१ मध्ये 'कार्कासोन' आणि २००९ मध्ये 'डोमिनियन' दोन्हीकडे पहिले आले. पण २००२ मध्ये परीक्षकांनी खांब रचत मनोरा उंच करण्याचा 'व्हिला पालेत्ती' निवडला, तर खेळाडूंनी डोके चालवायला लावणारा 'पोर्तो रिको'. २००८ मध्ये परीक्षकांचा कौल राइनर क्निझिया यांच्या 'केल्टिस'ला, खेळाडूंचा ऊवे रोझेनबर्ग यांच्या 'अॅग्रिकोला'ला. त्यात शेती करायची, जनावरे पाळायची आणि हंगाम आला की घरातल्या प्रत्येक तोंडाला घास पुरवायचा. परीक्षकांनाही त्याची थोरवी मान्य होती. त्यांनी त्याला खास पारितोषिक दिले, मुख्य मान मात्र दिला नाही.

आम्हाला यात पक्षपात दिसत नाही. मुख्य पुरस्कार ज्या घरासाठी आहे, तिथे आठ-दहा वर्षांचे मूल आणि थकून आलेले वडील एकाच डावात बसतात. नियम समजावण्यातच तास गेला, तर डाव मोडतो. शौकिनाला नेमका तोच तास गोड वाटतो. दोघांची भूक वेगळी, म्हणून दोघांचे ताटही वेगळे.

परीक्षकांनीही हे ओळखले. मुलांच्या खेळांसाठी २००१ पासून आणि जाणकारांसाठी २०११ पासून वेगळा पुरस्कार सुरू झाला. जाणकारांचा पहिला मान 'सेव्हन वंडर्स'ला मिळाला. तरी अट्टल शौकीन म्हणतात की हेही हलकेच. त्यांचे समाधान व्हायला वेळ लागेल!

आमचे वाचकांना एवढेच सांगणे आहे. खेळ घेताना खोक्यावरचे चिन्ह जरूर पाहा, पण ते कोणत्या वर्गाचे आहे तेही पाहा. मग मनाला विचारा, आपल्या घरी डावाला कोण कोण बसणार आहे? सगळ्यात लहान खेळाडूलाही आपली पाळी कधी येते याची ओढ लागली, तर तो खेळ तुमच्या घराचा.